ब्रेकरूममधली लाइनबॅकरांची यादी

कॅनडात, टोरोंटोशेजारच्या वॉनमधल्या आमच्या वेअरहाऊसच्या ब्रेकरूममध्ये, मायक्रोवेव्हच्या वर, एक पांढरा बोर्ड आहे. तो सेफ्टीच्या सूचनांसाठी लावलेला. पण फुटबॉलचा सीझन सुरू झाला की सूचना पुसल्या जातात आणि तिथे यादी येते : आजवरचे सर्वात मोठे दहा लाइनबॅकर. यादीतली नावं मी इथे लिहीत नाही, त्या खेळाडूंचा यात काही दोष नाही. पण त्या बोर्डाचा मला अजून राग येतो.

फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, चेंडू छातीशी धरून पळायचा. बचाव करणाऱ्या संघाचे दांडगे लोक पुढे ओळीने वाकलेले असतात. त्यांच्या मागे दोन-चार पावलांवर जो उभा असतो तो लाइनबॅकर. समोरचे काय करणार आहेत हे त्याने ओळखायचं आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवं करायचं. मी नागपूरला कॉलेजात कबड्डी खेळलो, डावा कोपरा सांभाळायचो, म्हणून मला तो खेळ पटकन कळला. चढाई करणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघायचं नसतं, कमरेकडे बघायचं असतं, कारण कंबर खोटं बोलत नाही. लाइनबॅकरचंही तेच.

हे मला ज्यांनी सांगितलं ते आमच्या इथे रीच ट्रक चालवायचे. रीच ट्रक म्हणजे उंच रॅकवरून माल काढायची, फोर्कलिफ्टसारखी मशीन. वय साठीच्या पुढे, इथलेच, ओंटारियोतच जन्मलेले. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’ असतो, पण माझ्या मनात ते पहिल्यापासून ‘तुम्ही’च होते. गेल्या वर्षी सप्टेंबरात त्यांची गाडी कायमची बंद पडली. ते आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, म्हणून मी त्यांना रोज बरोबर घेऊन जाऊ लागलो. सकाळचा पाऊण तास आणि संध्याकाळचा एक. बोलण्यासारखं आमच्यात फार नव्हतं, म्हणून मी एकदा कबड्डी सांगितली. कमरेची गोष्ट ऐकून ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. युनिव्हर्सिटीत ते चार वर्षं लाइनबॅकर होते. पुढे तीन वर्षं इथल्या व्यावसायिक लीगमध्ये, बहुतेक वेळ राखीव म्हणून. डोक्याला दोनदा जबर मार बसला. दुसऱ्या वेळी ते मॅच पूर्ण खेळले, लोकांशी बोलले, कपडे बदलले, आणि यातलं त्यांना काहीच आठवत नाही. भान आलं तेव्हा ते धावत्या बसमध्ये होते, शेजारच्याचा हात घट्ट धरून, आणि आपण कोणत्या शहरातून निघालो हे त्याला परत परत विचारत होते. डॉक्टरांनी खेळ थांबवला. पुढे बरीच कामं करून झाली, आणि गेली बावीस वर्षं ते मशीन चालवत होते आणि एकाही रॅकला त्यांनी ओरखडा काढला नव्हता.

“कामावर कोणाला सांगू नकोस,” ते म्हणाले. “डोक्याला मार लागलेला माणूस म्हटलं की आधी मशीनची किल्ली काढून घेतात.”

मी बरं म्हणालो. ते खिशात एक छोटी वही ठेवायचे, सगळं तीत लिहायचे. कधीकधी एकच गोष्ट दोनदा सांगायचे. माझे वडीलही सांगायचे, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता मुकादम. इथे त्याला लीड हँड म्हणतात, पण काम मुकादमाचंच. पस्तिशीचा, धिप्पाड, आवाज असा की कन्व्हेयर चालू असतानाही ऐकू यावा. बोर्डावरचा मार्कर त्याच्याकडेच असायचा. त्याच्या मते लाइनबॅकरचं मोठेपण एकाच गोष्टीत होतं, तो किती जोरात आदळतो. कोणी कोणाला स्ट्रेचरवर घातलं, कोणाचं हेल्मेट उडालं, याचे व्हिडिओ तो फोनवर दाखवायचा आणि लोक माना डोलवत बघायचे. रोज दुपारी अर्धा तास हेच. एकाचं नाव चौथ्यावर न्यावं की पाचव्यावर ठेवावं यावरून दोन लोक आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

मीही त्यात ओढला गेलो. घरी बसून जुन्या मॅचेस पाहिल्या, एकेक डाव थांबवून मागे नेऊन पाहिला. बायको म्हणाली, कॅनडात कायम राहायच्या परवान्यासाठी, पीआरसाठी, इंग्रजीची परीक्षा दिली तेव्हाही एवढा अभ्यास केला नव्हता तुम्ही. डिसेंबरच्या सुरुवातीला, सकाळपासून बर्फ पडत होता अशा एका गुरुवारी, मी धीर करून बोललो. यादीत नवव्या नंबरावर जो आहे तो पहिला हवा, असं माझं म्हणणं होतं. मी कारणंही दिली. तो कधी उशिरा पोचायचा नाही, चेंडू कुठे जाणार हे त्याला आधी कळायचं, आणि त्याने माणसं पाडली पण मोडली नाहीत.

मुकादमाने माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग मार्करचं टोपण लावत तो म्हणाला, “तू क्रिकेटचं बोल.”

सगळे हसले. कोपऱ्यात चहा घेत बसलेले दोन पंजाबी ड्रायव्हरही हसले, ज्यांच्याशी मी रोज हिंदीत बोलायचो. त्यांच्या हसण्याचा मला जास्त राग आला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी, नागपूरजवळ बुटीबोरीच्या एमआयडीसीत वीस लोकांचं क्वालिटी डिपार्टमेंट सांभाळलेला, आणि इथे प्लास्टिकच्या खुर्चीवर डबा उघडून बसलो होतो आणि माझे कान गरम झाले होते.

तेवढ्यात आमचे रीच ट्रकवाले बोलले. ब्रेकरूममध्ये ते एरवी कधी तोंड उघडायचे नाहीत, सूप प्यायचे आणि उठायचे. चमचा खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, “त्याचं बरोबर आहे. जो वेळेवर पोचतो त्याला एवढ्या जोरात आदळावं लागत नाही.”

मुकादम वळला. “तुम्ही कधी खेळलात?” त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाला, “सूप प्या आजोबा, गार होतंय.”

पुन्हा हसू. ते स्वतः मात्र नुसते जरासे हसून चमचा उचलत होते. त्यांना उत्तर द्यायचंच नव्हतं. तिथे मी थांबायला हवं होतं. मी उभा राहिलो. काय बोललो ते सगळं मला शब्दाशब्दाने आठवतं आणि आठवू नये असं वाटतं. हे किती वर्षं खेळले ते मी सांगितलं. तुम्ही सगळे सोफ्यावर बसून खेळता आणि हा माणूस खरोखर मैदानात उभा होता, असं म्हणालो. तेवढ्यावर मुकादमाचा चेहरा उतरला होता, पण मला ते पुरेना. तू ज्या आदळण्याच्या आरत्या ओवाळतोस ते काय असतं ते ऐक, असं म्हणून मी डोक्याचे दोन्ही मार सांगितले. बसची गोष्टही सांगितली, शेजाऱ्याचा हात धरल्यासकट.

मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि एकेक करत सगळे त्यांच्याकडे वळून प्रश्न विचारू लागले. कुठल्या संघात, किती नंबर, कोणाकोणाला पाडलं. त्यांनी सूपच्या डब्याचं झाकण लावलं, ते दोनदा दाबून नीट बसलंय का ते पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले. संध्याकाळी गाडीत ते पूर्ण वेळ खिडकीबाहेरचा बर्फ बघत होते. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी म्हणाले, “इथेच सोड.” पुढे घरापर्यंत ते बर्फातून चालत गेले.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर अकरावा नंबर होता आणि त्यापुढे त्यांचं नाव. एकाने त्यांना रिकाम्या ट्रॉलीसमोर वाकून उभं राहून दाखवा म्हणून गळ घातली. दुसऱ्याने लांबून विचारलं, आज कुठल्या शहरात आहात. हे विचारणारा मनाने वाईट नव्हता, त्याला तो विनोद वाटला. ते मशीन चालवत राहिले. सोमवारी सेफ्टी ऑफिसमधून बोलावणं आलं. दुपारी त्यांची किल्ली जमा झाली. डॉक्टरी तपासण्या पूर्ण होईपर्यंत त्यांना परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसवलं, जिथे दिवसभर खोकी फोडायची आणि लेबलं फाडायची.

मी मुकादमाला माल उतरवायच्या डॉकवर गाठलं. ट्रेलरचं दार उघडं होतं, आतून थंडी येत होती. तूच कळवलंस ना, असं मी विचारलं. मला वाटलं होतं की तो नाही म्हणेल, आणि मग मला ओरडता येईल.

“हो, मीच,” तो म्हणाला. “तू वीस लोकांसमोर सांगितलंस. उद्या रॅक कोसळून कोणी खाली सापडलं तर पहिला प्रश्न मला विचारतील. तू माझ्या जागी काय केलं असतंस?”

बुटीबोरीत मी तेच केलं असतं. ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच संताप आवरेना. मी तसाच ब्रेकरूममध्ये गेलो आणि जॅकेटच्या बाहीने सगळा बोर्ड पुसला. दहा नावं, अकरावं नाव, सगळं. दुसऱ्या दिवशी यादी पुन्हा तिथे होती. कोणाच्या तरी फोनमध्ये तिचा फोटो होता. फक्त अकरावं नाव तेवढं कोणी लिहिलं नव्हतं.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना पुन्हा चिडलो, मुकादमावर, कंपनीवर, त्या हसणाऱ्या ड्रायव्हरांवर. ती पोळ्या लाटत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “राग तुमचा, आणि किल्ली गेली त्यांची.”

मी तिच्यावरही चिडलो. ताटावरून उठलो. तिने माझं ताट झाकून ठेवलं.

त्यांनी माझ्याबरोबर येणं बंद केलं होतं. आता दोन बस बदलून यायचे. जानेवारीत एका शनिवारी खूप बर्फ पडला. सकाळी मी बर्फ उपसायचं शोव्हल घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि न विचारता ड्राइव्हवे, म्हणजे दारापुढची गाडीची वाट, साफ करायला लागलो. माफी कशी मागायची ते मला सुचत नव्हतं, म्हणून हात चालवत होतो. अर्धा झाला असेल तेव्हा ते बाहेर आले, घरातल्याच चपलांवर, आणि त्यांनी माझ्या हातातलं शोव्हल काढून घेतलं.

“माझं मी करतो.”

मी म्हणालो की माझं चुकलं. त्या माणसाने तुमचा अपमान केला ते मला बघवलं नाही.

“त्याला उत्तर द्यावंसं वाटलं असतं तर मी दिलं असतं,” ते म्हणाले. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. आवाज चढला नव्हता, पण शोव्हलच्या दांड्यावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. “किल्लीचं जाऊ दे. तपासण्या होतील, येईल परत किंवा नाही येणार. पण ती बसची गोष्ट मी माझ्या बायकोलासुद्धा पूर्ण सांगितली नव्हती. ती वारली, तोपर्यंत तिला ठाऊक नव्हतं की मी कोणाचा तरी हात धरून रडत होतो. ते मी तुला सांगितलं. आणि आता ते मायक्रोवेव्हपाशी सांगतात, सूप गरम होईपर्यंत.”

रडल्याचं त्यांनी मला गाडीत सांगितलं नव्हतं. ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्यांनी उरलेला ड्राइव्हवे साफ केला, मी फुटपाथवर उभा राहून ते बघत होतो, मग त्यांनी शोव्हल माझ्याकडे परत दिलं आणि दार लावून घेतलं.

फेब्रुवारीच्या शेवटी तपासण्यांचे रिपोर्ट आले. काही अडचण निघाली नाही. किल्ली परत मिळाली, मुकादमाने सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला, आणि त्यांनी तो घेऊ दिला. तीन आठवडे त्यांनी मशीन चालवली, पूर्वीसारखीच, ओरखडा न काढता. मग घराजवळच्या दुसऱ्या एका वेअरहाऊसमध्ये काम धरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी सगळ्यांचा निरोप घेतला, माझाही. नीट, नजरेला नजर देऊन. पण नव्या जागेचा पत्ता मी विचारला नाही आणि त्यांनी दिला नाही. एप्रिलपासून त्यांच्या दारात एक जुनी निळी गाडी लांबूनच दिसते. मी त्या गल्लीतून जाणं टाळतो.

आता नवा सीझन सुरू झाला आहे. बोर्ड पुन्हा भरला आहे. सर्वात वाईट म्हणजे त्या दिवसापासून मला तिथे मान आहे. खऱ्या लाइनबॅकरला ओळखणारा माणूस म्हणून लोक मला मत विचारतात, आणि नववा होता तो आता माझ्या शब्दाखातर तिसऱ्या नंबरावर आहे. गेल्या आठवड्यात मुकादमाने मार्कर माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, पहिला कोण ते या वर्षी तू लिही. तो मनापासून म्हणत होता. माझे कान पुन्हा गरम झाले. या खेपेला राग नेमका कोणाचा आला ते मला सांगता येणार नाही. मी मार्कर घेतला नाही. डबा उचलला, बाहेर गाडीत जाऊन बसलो, हीटर लावला आणि उरलेली भाजी-पोळी तिथेच खाल्ली.