शिंपीकाकांची साक्ष

थोरलीचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. बेकरीत उभं राहून दुपारपर्यंत पीठ मळायचं आणि मग अंगावरचं पीठ झटकून कोर्टाची पायरी चढायची. मळणं त्यातल्या त्यात बरं. पीठ दाबलं की दबतं तरी.

वडील गेले तेव्हा दोन खोल्यांचं घर मृत्युपत्रात तिच्या नावावर लिहून गेले होते. शेवटपर्यंत त्यांचं सगळं तिनंच केलं होतं, आणि धाकट्या भावाला ते मान्यही होतं. पण त्याने फोनवर साफ सांगून टाकलं. मृत्युपत्र टिकलं तर घर ताईचं, नाही टिकलं तर अर्धं त्याचं, आणि अर्धं तो विकणार. अर्धं विकलं की थोरलीला उरणार एक खोली आणि पलीकडे परका माणूस.

वकीलबाई म्हणाल्या, प्रोबेट मिळेल, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का. फक्त एका साक्षीदाराने कोर्टात सांगायचं, की सही माझ्यासमोर केली आणि तेव्हा त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. दोन साक्षीदारांपैकी एक वडिलांच्या आधीच वारला होता. उरले शेजारचे शिंपीकाका. त्यांच्या मांडीवर खेळून थोरली मोठी झालेली, त्यामुळे ती निर्धास्त होती.

काकांनी मशीनवरून मान वर केली नाही.

"सही माझ्यासमोर केली, हे मी कुठेही सांगेन. डोकं ठिकाणावर होतं, हे कसं सांगू?"

"म्हणजे काय, काका?"

"त्याच वर्षी तुझ्या बापाने छपराची पन्हळ माझ्या भिंतीवर सोडली. सांगून सांगून माझी जीभ झिजली. डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं करतो?"

तिला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण त्यांनी उठून भिंत दाखवली. गिलाव्याचे पोपडे सुटलेले, आतल्या कपाटात गिऱ्हाइकांच्या कापडाला बुरशी. शपथेवर खोटं बोलायचं नाही, म्हणाले, आणि पुन्हा पायडल मारायला लागले.

पन्हळ वळवते, असं थोरली म्हणाली, तर वकीलबाईंनी डोळे वटारले. घर अजून कोणाच्याच नावावर नाही, भावाच्या संमतीशिवाय कौलालाही हात लावायचा नाही. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, मी कुठे आडवा येतोय? पण निकाल लागू दे." निकाल साक्षीवाचून अडलेला, साक्ष पन्हळीवाचून आणि पन्हळ निकालावाचून. थोरली वकीलबाईंच्या जिन्यावर बसली आणि मेलेल्या बापाला मनातल्या मनात चार शब्द सुनावून उठली.

मग एका सकाळी पीठ मळताना तिचे हात थांबले. पन्हळ आपली नाही, ठीक. भिंत तर काकांची आहे. तिला कोण नाही म्हणतंय?

गवंडी म्हणाला, पन्हळ तशीच ठेवून खालची भिंत करायची, हा वेडेपणा आहे. असू दे, ती म्हणाली, तू कर. सुट्टीच्या दिवशी वाळू तिनं वाहिली, माल तिनंच कालवला. कालवताना ढिलाई केली नाही, आणि गवंडी जरा टेकला तर त्यालाही सोडलं नाही. पाणी बाहेर पडावं म्हणून वर काकांच्याच भिंतीला पत्र्याची पट्टी ठोकून घेतली.

काकांनी भिंतीवर हात फिरवून पाहिला. "एवढं डोकं असलेली पोर ज्याने वाढवली," ते म्हणाले, "त्याचं ठिकाणावर नव्हतं, असं मी कोणत्या तोंडाने सांगू?"

कोर्टात जज्जसाहेबांनी विचारलं तेव्हा त्यांनी घसा खाकरला. "डोकं ठिकाणावर होतं, साहेब. हट्टी होता. पण ते वेगळं."

घर थोरलीच्या नावावर झालं. तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीचाही गिलावा कधीचा सुटलाय, पण तो तसाच राहिला. त्या वर्षीच्या ओव्हरटाइमच्या सगळ्या मजुरीतून शिंपीकाकांची भिंत झाली, आणि वरची पत्र्याची पट्टी.