बारा वाजून गेले तेव्हा

आमच्याकडे मेलेलं माणूस तीन वर्षं घरी येतं, नोव्हेंबरच्या एक तारखेला दुपारी. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला जातं. मग कायमचंच.

एउलोहिया तिकडं ला पाझ शहरात लोकांची धुणी धुते. मेलेल्या लेकाचं हे तिसरं वर्ष, म्हणून त्याच्या तोंडवळ्याचा, हातपाय असलेला पाव भाजून गावी निघाली. वाटेत रस्ता अडवून बसलेल्यांचं भांडण सरकारशी, अडकली ही! पोचली तेव्हा दोन तारखेचा दुपारचा दीड वाजला होता आणि जाऊ लेकासाठी मांडलेल्या मेजावरची चादर घडी करत होती.

"गेला गं," जाऊ म्हणाली. "इतका वेळ कुठं मेली होतीस?"

एउलोहियाने चहा मागितला. पाव पायाकडून मोडून, बुडवून खात राहिली. चेहऱ्यापाशी थांबली आणि परतीची बस कितीला, ते विचारलं.