वांग्यांची तहान

पवनारच्या आमच्या वावरात सेन्सर बसवायला आलेल्या मुलीचं नाव मी विचारलंच नाही. लॅपटॉपवर ओढणीची सावली धरून ती बांधावर बसली. ओलावा आणि तापमान या दोन रकान्यांवरून तिसऱ्याचा हिशेब आपोआप निघायचा. त्याचं भारदस्त इंग्रजी नाव पुसून तिने ‘तहान’ लिहिलं, तेव्हाच ती मला आवडली.

पुढे वांग्यांनी माना टाकल्या, तरी तहान शून्यच दिसे. म्हणून आम्ही पंप बंद ठेवलेला. तिला परत बोलावलं. सेन्सरवर हळदकुंकू होतं.

माझी काकू म्हणाली, “नवी वस्तू आहे. रोज तांब्याभर पाणी वाहतो मी त्याले.”

मुलगी हसली नाही. “काकू, देवाचं पोट भरलं. आता वांग्याईले द्या.”

सेन्सर पलीकडच्या ओळीत रोवून तिने स्वतःच त्याला कोरडं कुंकू लावलं.