बाबांचा आडवा फोन

वडिलांना कमी ऐकू यायला लागलं तेव्हा मी त्यांच्यासाठी एक ॲप लिहिलं. त्यांचा फोन समोरचं बोलणं टिपायचा आणि मोठं करून त्यांच्या इयरफोनमध्ये पोचवायचा. खामगावात घरी बसून मी पोटासाठी ॲपच लिहितो, म्हणून कौतुकाची अपेक्षा होती. कौतुक राहिलं बाजूला, माझ्यावरच संशय.

“तुम्ही नवराबायको हळू बोलता, तवाच आवाज काऊन बंद होते बे?”

हळू बोलायचो हे खरं. मला पुण्यात नोकरी मिळत होती आणि बाबांना हे घर सोडायला कसं सांगावं, याचा खल चालायचा. पण आवाज आम्ही बंद करत नव्हतो. मी भयंकर चिडलो. मला वाटलं, हेच बंद करतात आणि आळ आमच्यावर घेतात.

म्हणून एका संध्याकाळी पेपर तोंडासमोर धरून मी पाळत ठेवली. बायको फाटकात शेजारणीशी बोलत होती. मोठ्यानं चाललं होतं तोवर बाबा स्वस्थ. शेजारणीनं आवाज खाली आणला मात्र, बाबांनी फोन उचलून आडवा धरला आणि माइकचं टोक हळूच फाटकाकडे केलं. स्क्रीन फिरली. आवाज गेला. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बटण माझ्याच खिशात आहे.

फोन आडवा झाला की ॲपची स्क्रीन मोडून नव्यानं उभी राहते. आवाज पोचवणारी सर्व्हिस, म्हणजे ॲपचा न दिसणारा भाग, मागे चालते, पण मी तिला स्क्रीनच्याच जिवावर ठेवलं होतं. एक गेली की दुसरीही बंद. मी ती स्वतंत्र चालू ठेवली आणि नवी स्क्रीन येताच ती तिच्याशी पुन्हा जोडली जाईल अशी सोय केली.

बाबांना पटेना. “तू तं असंच म्हणशीन.”

दुसऱ्या दिवशी चहा घेताना बायको दबक्या आवाजात मला काहीतरी सांगू लागली. बाबांचा फोन लगेच आडवा झाला. मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, बाबांचा चेहरा बघत होतो. ते ऐकत होते. आवाज तुटला नव्हता! मला इतका आनंद झाला की मी अर्धवट उठलोच.

“आला ना आवाज, बाबा?”

“हाव, आला.” त्यांनी इयरफोन काढून टेबलावर ठेवले. “सून म्हणते, भाडेकरू घर पाहाले येऊन राह्यले. मंग मी कुठी राहू बे?”