सालपटांचं शेवटचं पोतं

आईचा गुलाब यंदाही फुललाय, आणि त्याचं श्रेय दादांना. दादा म्हणजे माझे वडील. सुतार माणूस. संध्याकाळी खांद्यावर भुशाचं पोतं घेऊन यायचे, भुवयांसकट पांढरे होऊन. आई दारातच अडवायची, "आधी अंग झटका, मग आत या!"

भुसा गुलाबासाठी असायचा. आईचं माहेरचं घर विकलं गेलं, तेव्हा तिथून तिने एवढी एक फांदी आणून लावली होती. माहेर म्हणून तेवढंच उरलं होतं.

पहिल्याच वर्षी दादांनी नको तो शहाणपणा केला. लाकूड झाडाचंच, मग भुसा झाडाला मानवणारच, म्हणून न विचारता ताजा भुसा मुळाशी मातीत कालवला. महिनाभरात पानं पिवळी पडली आणि आईने अबोला धरला. एरवी अखंड बोलणारी बाई गप्प झाल्यावर घर खायला उठलं.

मग एका रविवारी दादा गुडघ्यांवर बसले आणि जेवणाच्या चमच्याने, मुळं न दुखवता, सगळा भुसा उकरून काढला. "वाकडं दार सरळ करेन," मला हळूच म्हणाले, "तुझ्या आईचं तोंड सरळ करणं अवघड आहे बघ."

गुलाब तगला. तेव्हापासून भुसा शेणखतात वर्षभर कुजवायचा आणि रंध्याखालची कुरळी सालपटं मातीवर नुसती पसरायची, म्हणजे ओल टिकते, असं ठरलं. आई बोलायला लागली ती दादांच्या शेवटच्या दिवसापर्यंत थांबली नाही.

दादा गेले तेव्हा मागच्या खोलीत सालपटांचं एक पोतं उरलं होतं. आई त्याला कुणाला हात लावू देईना. अधूनमधून पोत्याचं तोंड सोडून वास घ्यायची. खोटं कशाला बोलू, मीही चोरून घ्यायचे.

यंदा उन्हाळ्यात पाणी दोन दिवसांआड येऊ लागलं. गुलाबाने मान टाकली.

"मी पेंढा आणते विकत," मी म्हणाले.

"कशाला? यांनी त्याच्यासाठीच तर आणून ठेवलंय," म्हणत आईने पोतं ओढत बाहेर काढलं आणि सगळं बुडाशी पसरलं. शेवटी तिने पोतं उलटं करून झटकलं, तसा केसांवर, भुवयांवर भुसा बसला. परत येताना ती सवयीने दारात थांबली.

मी म्हणाले, "आधी अंग झटक, मग आत ये."

"राहू दे गं," ती म्हणाली, "आजचा दिवस राहू दे."