बंड्याला दिलेला प्रसाद

"प्रसादाने कधी कोणाला काही झालंय?" आमच्या लालबागच्या चाळीतले एक काका हे वाक्य छाती पुढे काढून म्हणत, आणि मग समोरच्याने गप्प बसायचे. मधुमेहवाल्यांच्या तोंडात पेढा कोंबतानाही हेच. असा माणूस तुमच्याही शेजारी असेलच. अकलेच्या नावाने बोंब, आवाज मात्र खणखणीत.

चाळीच्या गणपतीचा प्रसाद वाटण्याचा मान त्यांनी स्वतःच घेतला होता. एका वर्षी मंडळाच्या पोरींनी हौसेने कडू, काळ्या चॉकलेटचे मोदक केले. काकांनी माणसांना एकेक दिला आणि तळमजल्यावरच्या सावंत काकूंच्या बंड्याला मूठभर. बंड्या म्हणजे जेमतेम मांजराएवढा कुत्रा. काकू एकट्या राहत, दिवसभर त्याच्याशीच बोलत.

मी धावलो. "काका, कुत्र्यांना चॉकलेट विष असतं! काकू, चला, डॉक्टर त्याला लगेच ओकवतील."

"बाप्पाचा प्रसाद ओकायला लावणार?" काका गरजले. "चार बुकं शिकलास म्हणून काय वाट्टेल ते?"

काकूंनी बंड्याला उचलले होते, पण त्या थबकल्या. "ह्या पाप कित्याक घेव रे?" म्हणाल्या आणि प्रसाद ओकवण्याचे पाप कशाला, म्हणून त्याला खाली ठेवले. काकांच्या चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा आनंद होता. मला त्यांची किळस आली.

संध्याकाळी बंड्या आपणहून ओकू लागला, मग थरथरू लागला. परळच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याला झटके येत होते.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "चॉकलेटमधलं जे आपल्याला सहज पचतं, ते कुत्र्याच्या अंगात साचून राहतं. हृदयाला, मेंदूला बाधतं. चॉकलेट जितकं कडू, तितकं वाईट. खाल्ल्याबरोबर आणला असतात, तर बहुतेक वाचला असता."

बंड्या काकूंच्या मांडीवरच गेला.

दुसऱ्या दिवशी हे गृहस्थ प्रसादाचे ताट घेऊन काकूंच्या दारात हजर. "वहिनी, प्रसाद खाऊन गेला. सोनं झालं त्या जनावराचं!"

खाली सांडलेली साखरही वेचून कपाळाला लावणारी ती बाई. तिने ताट घेतले, कचऱ्याच्या बादलीत उपडे केले, विसळले आणि काकांच्या हातात परत दिले. काका रिकामे ताट घेऊन जिना चढून गेले.

पुढे ते मुलाकडे बदलापूरला राहायला गेले. चाळीत कोणी हळहळले नाही. गणपतीत आरतीला काकू अजून येतात, टाळ्याही वाजवतात. प्रसाद वाटायला घेतला की मात्र उठून घरी जातात.