अक्कांची जीभ

पेढीत ‘बाई’ आणि घरी ‘अक्का’. एका शिंप्याची थोरली लेक, गुरांच्या डॉक्टरांची पत्नी आणि चहाच्या एका जुन्या पेढीची प्रमुख परीक्षक: जन्म १९५५, मृत्यू २०१९. त्यांच्या आयुष्याचा खरा कस लागला तो चव्वेचाळिसाव्या वर्षी, आणि तो लागला त्यांच्या जिभेवर.

चहा पारखण्याची खोली पेढीच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीशी होती. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो. लांब ओट्यावर पांढऱ्या वाट्यांची रांग आणि प्रत्येक वाटीमागे त्या त्या मालाची कोरडी पत्ती. अक्का चमचाभर चहा मोठा आवाज करून भुरकत, क्षणभर तोंडात घोळवत आणि पायाशी ठेवलेल्या उंच भांड्यात थुंकत. नवख्याला हे पाहून हसू येई. ते फार वेळ टिकत नसे. हा माल ओलसर कोठारात पडून होता, त्याला भट्टीत आच जास्त लागली, असे बाई न अडखळता सांगत, आणि त्यांच्या शब्दावर भाव ठरत. म्हणून त्या जिभेला डोळ्यांसारखे जपत. तिखट बेताचे, आणि आंबट मुळीच नाही. लिंबू, संत्रे, टोमॅटो यांना त्यांच्या स्वयंपाकघराचे दार कायमचे बंद होते. आंबटाने जीभ आळशी होते, हा धडा त्यांना उमेदवारीतच मिळाला होता आणि त्यांनी तो प्रमाण मानला होता.

यजमान गुरांचे डॉक्टर. गोठ्यांतून फिरण्यात त्यांची उमर गेली होती. वासरू आईपासून तोडल्यावर गाय जो हंबरडा फोडते, तो ऐकून ऐकून एके सकाळी त्यांनी दुधाचा पेला बाजूला सरकवला. मग दही गेले, लोणी गेले, अंडी गेली, मांसमासे गेले. कारण विचारले तर एवढेच म्हणत की, ते मला ऐकू येते. अक्कांनी मात्र त्यांची थट्टा आरंभली. त्यांच्यासमोर बसून त्या मुद्दाम जास्त दूध घातलेला चहा पीत आणि म्हणत, ‘तुमच्या वाटचं पुण्य मी पिऊन टाकते.’ तेही हसत. असे काही वर्षे चालले. पुढे एका दुपारी दवाखान्याच्या पायरीवर त्यांचे हृदय थांबले, आणि दुसऱ्या दिवशी अक्कांनी आपल्या कपात दूध घातले नाही. त्यानंतर कधीच घातले नाही; दही, अंडी, मांसमासेही यजमानांसारखेच सोडले. व्हीगन हा शब्द त्यांच्या घरात बऱ्याच वर्षांनी भाचीबरोबर आला. नियम आधीपासून पाळला जात होता.

अक्का अर्धवट काही करणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुधाअंड्यांवाचून अंगात रक्त कसे राहील, याची त्यांनी नीट चौकशी केली. मसूर, हरभरे, राजमा, तीळ, हिरव्या भाज्या यांचे वार ठरवले आणि ते काटेकोर पाळले. फक्त प्रत्येक जेवणासोबत मोठा पेलाभर कोरा, कडक चहा असे. दूध सुटल्यापासून तो अधिकच कडक झाला होता. परीक्षकाच्या घरी त्यात वावगे ते काय?

दोन वर्षांत जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. चेहरा पिठासारखा झाला. पेल्यातला बर्फ कडाकडा चावून खाण्याची विचित्र ओढ लागली. तिच्याकडे त्यांनी कानाडोळा केला. पण जीभ जेव्हा गुळगुळीत होऊन चुरचुरू लागली, तेव्हा त्या रोज सकाळी आरशात जीभ पाहू लागल्या. तरी त्यांनी कोणाला सांगितले नाही. वाट्यांपुढे उभ्या राहत, आणि जे कळत नव्हते ते सवयीने सांगत.

हे प्रथम उमगले धाकट्या परीक्षकाला. तो चाळिशीचा, अबोल गृहस्थ होता आणि अक्कांच्याच हाताखाली तयार झालेला. एके दिवशी सगळे खाली गेल्यावर त्याने दार लोटून घेतले.

‘बाई, खिडकीकडून तिसरी वाटी पुन्हा घेता का?’

अक्कांनी घेतली. ‘स्वच्छ आहे.’

‘करपलाय तो. दारातून वास येतोय.’

अक्का बराच वेळ चमचा पुसत राहिल्या. मग त्यांनी विचारले, ‘किती दिवस सांभाळून घेतोयस मला?’

त्याने तिसरी वाटी उचलून भांड्यात रिकामी केली.

घरी धाकट्या बहिणीने निकाल लावूनच टाकला. हे सारे त्या उपासमारीचे फळ आहे, माणूस गवतावर जगत नसतो, असे तिने भरपूर सुनावले आणि शेवटी उकडलेले अंडे बशीत घालून पुढे ठेवले.

‘अगं अक्का, एक अंडं खाल्लंस म्हणून ते वरून उतरून तुझ्याशी भांडायला येणार आहेत का?’

‘येणार असते,’ अक्का म्हणाल्या, ‘तर रोज खाल्लं असतं.’

बहिणीने बशी उचलून आत नेली. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. पण अक्कांपुढचा पेच तिने उघडा केला होता. जिभेसाठी ताट बदलायचे, की ताटासाठी जीभ गमवायची? एकीवर पोट होते. दुसऱ्यात, गेलेल्या माणसाशी उरलेले एकमेव बोलणे होते.

शेवटी अक्का ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, त्यांनी रक्त तपासले. ते कुठून जात तर नाही ना, याचीही खात्री करून घेतली. लोह तळाला गेले होते. मग त्यांनी आहार विचारला. अक्कांनी वारांसकट सांगितला. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. ताटात कमी काही दिसत नव्हते.

‘आणि याबरोबर पिता काय?’

अक्कांनी सांगितले. डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली आणि शांतपणे समजावले की, डाळी-भाज्यांतले लोह मुळातच अंगी लागायला हट्टी असते; चहा त्याला वाटेतच धरून ठेवतो, आणि आंबट ते सोडवून आत नेते. अक्का नेमका चहा हा पाहुणा रोज जेवायला बोलवत होत्या आणि आंबटाला दाराबाहेर ठेवत होत्या.

‘माझं पोट चहावर चालतं हो,’ अक्का कसेबसे म्हणाल्या.

‘चालू द्या. फक्त जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर त्याला पोटात घेऊ नका. गोळ्या देते, त्याही चहापासून लांब. दूध-अंड्यांसाठी मी तुम्हाला अडवणार नाही, त्याची गरज नाही.’

त्या वाक्यासरशी अक्कांच्या डोळ्यांत पाणी आले. डॉक्टरीणबाईंना वाटले, आजाराच्या धास्तीने.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मालकांपुढे जाऊन आपली जीभ भरवशाची राहिली नसल्याचे स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि वाट्यांपासून रजा घेतली. त्या संध्याकाळी मसुरीवर लिंबू पिळले. इतक्या वर्षांनी ते तोंडात जाताच सर्वांगावर काटा आला. कडधान्ये भिजवून, मोड आणून खाऊ लागल्या; जेवताना साधे पाणी. गोळ्यांनी तोंडाला येणारी धातूची चव त्यांनी वैऱ्यासारखी सोसली. अंगात रक्त भरले, धाप गेली, बर्फाची ओढ आपोआप सुटली. जीभही परतली, परंतु पूर्वीची धार पुरती आली नाही. हे ओळखणारा माणूस पेढीत एकच होता, आणि तो म्हणजे त्या स्वतः. धाकट्याने ‘बाई, आता काही फरक नाही,’ असे म्हणून पाहिले. त्यांनी ते खोडून काढले. अखेरचा शब्द त्याच्या स्वाधीन केला आणि निवृत्तीपर्यंत त्याच्या शेजारी, दुसऱ्या जागेवर उभ्या राहिल्या.

यजमानांचा नियम त्यांनी शेवटपर्यंत मोडला नाही. त्यांच्यामागे चमचा धाकट्या परीक्षकाकडे गेला आणि घर भाचीकडे. पारखणाऱ्यांनी जेवताना चहा न घेण्याचा रिवाज त्यांनी घातला, तो आजही चालू आहे. एक गोष्ट मात्र राहून गेली. जीभ मुकी असताना त्यांच्या शब्दावर जो माल बाहेर गेला, त्याच्या गिऱ्हाइकांना खरे सांगावे, असे त्यांनी मालकांपाशी दोनदा बोलून पाहिले होते. पेढीच्या नावाला बट्टा लागेल म्हणून मालकांनी नकार दिला. ते सांगणे अजून बाकी आहे.